शेवटच्या चार आठवड्यांत गुण कुठे सांडतात?

पत्राचा सारांश : सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या विद्यार्थिनीचे हे पत्र आहे. तिची बारावी विज्ञान शाखेची बोर्डाची परीक्षा झाली असून अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी ती एमएचटी-सीईटी (पीसीएम गट) देणार आहे. परीक्षेला जेमतेम चार आठवडे उरले आहेत. सराव चाचण्यांमध्ये तिला २०० पैकी ९० च्या आसपास गुण मिळतात. भौतिकशास्त्राचे साधारण २०, रसायनशास्त्राचे २६ आणि गणिताचे (प्रत्येकी २ गुणांचे) २२ प्रश्न बरोबर येतात. पहिल्या पेपरात ती भौतिकशास्त्रापासून सुरुवात करते आणि रसायनशास्त्राचे शेवटचे दहा-बारा प्रश्न वाचायचेच राहून जातात. गणिताचे पंधराएक प्रश्न ती कोरे सोडते. अकरावीच्या अभ्यासक्रमाला तिने जवळजवळ हात लावलेला नाही. चाचण्या ती मोबाइलवर देते. पुण्यातील एका क्लासचा चार आठवड्यांचा क्रॅश कोर्स २५ हजार रुपयांचा आहे, राहण्याजेवण्याचा खर्च वेगळा. वडील एसटीत वाहक आहेत आणि पतपेढीतून कर्ज काढायला तयार आहेत. पुण्यात शिकणाऱ्या मामेभावाने सांगितले आहे की, ९५ च्या वर पर्सेंटाइल आले नाही तर सरकारी कॉलेज मिळणार नाही आणि इतर मागास वर्गात असूनही खासगी कॉलेजची फी घराला झेपणार नाही. लातूरला असलेल्या मैत्रिणी रोज पंधरा तास अभ्यास करतात, आपला दहा तासांच्या पुढे जात नाही, याचीही तिला टोचणी आहे. तिचे प्रश्न दोन : पुण्याला जावे की घरीच राहावे? आणि अकरावीचा अभ्यासक्रम आता पूर्ण करावा की सरळ सोडून द्यावा?

तुझे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्यांदा वाचताना तुझी काळजी दिसली. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आले की, तू न झालेल्या धड्यांचा हिशेब अगदी काटेकोर ठेवला आहेस, पण झालेल्या धड्यांतून निसटणाऱ्या गुणांचा हिशेब कुठेच मांडलेला नाहीस. तुझ्या दोन्ही प्रश्नांमागे एक समजूत आहे, ती अशी की गुण कमी पडतात ते अभ्यासक्रम अपुरा राहिल्यामुळे, म्हणून उरलेल्या दिवसांत अभ्यासक्रम भरून काढला की गुण वाढतील. तूच दिलेले आकडे या समजुतीला दुजोरा देत नाहीत, म्हणून आधी त्यांच्याकडेच पाहू.

पीसीएम गटाच्या पहिल्या पेपरात भौतिकशास्त्राचे ५० आणि रसायनशास्त्राचे ५० असे १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ५४ सेकंद मिळतात. दुसऱ्या पेपरात गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुणांचे, तेवढ्याच वेळात सोडवायचे असतात. तिथे एका प्रश्नाला १ मिनिट ४८ सेकंद येतात. चुकीच्या उत्तराचा गुण कापला जात नाही. हे सगळे तुला पाठ असणार. तरीही गणिताचे पंधरा प्रश्न तू कोरे सोडतेस, याचा अर्थ हा नियम तुला माहीत आहे पण हातात उतरलेला नाही. चार पर्यायांपैकी कोणताही एक डोळे मिटून निवडला, तरी पंधरापैकी सरासरी तीन-चार उत्तरे बरोबर लागतात, म्हणजे सहा ते आठ गुण. आणि एखादा पर्याय उघडपणे अशक्य दिसला, चिन्ह उलटे आहे किंवा उत्तर ऋण येणेच शक्य नाही असे कळले, तर ही शक्यता आणखी वाढते. नशिबावर विसंबून राहा असे मी म्हणत नाही. मात्र ज्या परीक्षेत ऋण गुण नाहीत तिथे कोरा प्रश्न सोडून उठणे म्हणजे हक्काचे काहीतरी टाकून येणे आहे. शेवटची तीन मिनिटे उरलेल्या सगळ्या प्रश्नांना उत्तरे भरण्यासाठीच राखून ठेव, आणि ही सवय प्रत्यक्ष परीक्षेसाठी न ठेवता पुढच्या चाचणीपासूनच लाव.

रसायनशास्त्राचे नुकसान याहून मोठे आहे. ५० पैकी बारा प्रश्न तू वाचतच नाहीस असे धरले, तर वाचलेल्या ३८ पैकी २६ तुझे बरोबर येतात, म्हणजे दर तीन प्रश्नांत दोन. भौतिकशास्त्रात हेच प्रमाण पाचांत दोन आहे. जो विषय तुला अधिक चांगला येतो त्याचेच प्रश्न तू वेळेअभावी सोडतेस आणि जो कमी येतो त्यावर तासाभराच्या आसपास घालवतेस. क्रम उलटा कर. रसायनशास्त्रात एका ओळीत वाचून उत्तर देता येतील असे बरेच प्रश्न असतात, त्यामुळे हा भाग ३५ मिनिटांत संपवण्याचे उद्दिष्ट अवास्तव नाही. मग भौतिकशास्त्राला ५० मिनिटे उरतात. ती दोन फेऱ्यांत वापर : पहिल्या फेरीत सूत्र डोळ्यांसमोर येते तेवढेच प्रश्न सोडव, लांब आकडेमोडीचे मागे ठेव, दुसऱ्या फेरीत त्यांच्याकडे वळ. काही प्रश्न तरीही राहतील, हे खरे आहे. पण राहणारे प्रश्न अवघड असतील, आज राहतात तसे सोपे नसतील. सुरुवातीच्या एक-दोन चाचण्यांत नव्या क्रमामुळे गोंधळ होऊन गुण कदाचित कमीही दिसतील. तेवढ्यावरून जुन्या क्रमाकडे परतू नकोस.

आता चुकलेल्या प्रश्नांकडे येऊ, कारण माझ्या मते पुढचे चार आठवडे खरे इथेच खर्च व्हायला हवेत. तू लिहितेस की, चाचणी झाली की उत्तरे पाहतेस, वाईट वाटते आणि नवा धडा उघडतेस. गळक्या हंड्यात पाणी ओतत राहावे तसे हे होते. त्याऐवजी एक जाड वही कर आणि प्रत्येक चाचणीतील चुकलेला व सोडलेला प्रश्न तिच्यात उतरवून त्याच्या शेजारी कारण लिही. कारण ‘अभ्यास कमी’ असे मोघम नको. सूत्र आठवले नाही, प्रश्नातील ‘नाही’ हा शब्द नजरेतून सुटला, सेंटिमीटरचे मीटर करायचे राहिले, वजाबाकी चुकली, संकल्पनाच कळलेली नाही किंवा वेळ संपला, यांपैकी नेमके काय घडले ते लिही. तीन-चार चाचण्यांनंतर ही वही तुला जे सांगेल ते कोणताही क्लास सांगू शकणार नाही, कारण त्यांच्यासमोर शंभर-दीडशे मुले असतात आणि इथे फक्त तू आहेस. बहुतेक विद्यार्थ्यांना ही वही पाहून धक्का बसतो. ज्या विषयाची भीती वाटत होती त्यात संकल्पनेच्या चुका थोड्याच निघतात आणि घाईच्या, विसरण्याच्या, आकडेमोडीच्या चुका ढीगभर. तुझ्या वहीत उलटे चित्र निघाले तर तेही उपयोगीच आहे, कारण मग नेमके कोणते तीन-चार धडे पुन्हा शिकायचे ते ठरवता येईल.

आकडेमोडीचा मुद्दा किरकोळ समजू नकोस. या परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो. केमिकल कायनेटिक्स आणि आयॉनिक इक्विलिब्रिया या धड्यांतील गणिते करताना २ चा लॉग ०.३०१० आणि ३ चा ०.४७७१ हे तोंडावर असावे लागते, पहिल्या क्रमाच्या अभिक्रियेच्या अर्धायुष्यासाठी ०.६९३ शोधत बसायला वेळ नसतो, आणि भौतिकशास्त्रात पर्याय एकमेकांपासून लांब असतील तर ९.८ ऐवजी १० धरून उत्तरापर्यंत पोचता येते, हे सवयीनेच कळते. रोज सकाळी वीस मिनिटे निव्वळ हातची आकडेमोड कर. बारावी झालेल्या मुलीला हे पोरकट वाटेल, पण ५४ सेकंदांच्या हिशेबात याचाच फरक पडतो.

अकरावीबद्दल तू ‘पूर्ण करू की सोडू’ असे दोनच मार्ग ठेवले आहेस. अकरावीच्या अभ्यासक्रमावर साधारण २० टक्के प्रश्न येतात, म्हणजे प्रत्येक विषयात दहाच्या आसपास. गुणांत मांडायचे तर भौतिकशास्त्राचे १०, रसायनशास्त्राचे १० आणि गणिताचे २०. दोनशेपैकी चाळीस गुण सोडून देण्याइतकी तुझी बाजू भक्कम नाही, आणि चाळीस गुणांसाठी उरलेले सगळे दिवस देण्याइतका वेळही नाही. म्हणून अकरावीचे असे धडे निवड जे बारावीला जोडलेले आहेत आणि ज्यांचा अभ्यास दोन्हीकडे कामी येतो. त्रिकोणमितीची सूत्रे तुला बारावीच्या इंटिग्रेशनमध्ये लागतातच, तेव्हा ट्रिगोनोमेट्री वेगळी करावी लागणार नाही. अकरावीचे इलेक्ट्रोस्टॅटिक्स आणि सेमीकंडक्टर्स हे धडे बारावीतील त्याच नावाच्या भागांचा पाया आहेत. रसायनशास्त्रात मोलची संकल्पना, अणुरचना आणि हायड्रोकार्बन्स पक्के असतील तर बारावीचे रसायनशास्त्र हलके होते. यांखेरीज गणितात स्ट्रेट लाइन, सर्कल आणि मेझर्स ऑफ डिस्पर्शन हे धडे ठरावीक सूत्रांवर चालतात आणि दोन-दोन दिवसांत हाती लागू शकतात. एवढे झाल्यावर अकरावीतील बाकीचे शांतपणे बाजूला ठेव. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मात्र कोणताही नवा धडा उघडू नकोस.

पुस्तकाबाबत एवढेच सांगते की, ही परीक्षा राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर असते, त्यामुळे बालभारतीची पुस्तके तुझ्यासमोर उघडी असायला हवीत. विशेषतः रसायनशास्त्रात को-ऑर्डिनेशन कंपाउंड्स, बायोमॉलिक्यूल्स, पॉलिमर केमिस्ट्री, ग्रीन केमिस्ट्री यांसारखे धडे पुस्तकातून ओळ न ओळ वाचावेत, तक्त्यांसकट. जेईईच्या जाडजूड संचांतील प्रश्न न सुटल्याने खचून जाणारी मुले मी दरवर्षी पाहते. त्या संचांसाठी तुझ्याकडे आता वेळ नाही.

पुण्याचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला, कारण वरचा हिशेब झाल्यावर तो वेगळा दिसू लागतो. क्रॅश कोर्समधून तीन गोष्टी मिळतात : ठरलेले वेळापत्रक, वेळ लावून घेतलेल्या चाचण्या आणि बरोबरीच्या मुलांची सोबत. या तिन्ही मोलाच्या आहेत आणि त्या मिळवण्यासाठी पैसे देणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. मात्र असे कोर्स दोन वर्षांचा सगळा अभ्यासक्रम धावत्या वेगाने पुन्हा शिकवतात. तिथे दिवसाचे पाच-सहा तास ऐकण्यात जातात आणि तुला गरज आहे ती सोडवण्याची. त्यातच ऐन उन्हाळ्यात नवे गाव, नवी खोली, मेसचे जेवण यांच्याशी जुळवून घेण्यात पहिले चार-पाच दिवस सहज निघून जातील. बारावीचेच निम्मे धडे कोणी शिकवलेले नसतील, तर माझे उत्तर वेगळे असते. तुझे तसे नाही.

तरी एक गोष्ट तुला विचारायला हवी, कारण पत्रात तू तिच्याविषयी काहीच लिहिलेले नाहीस. घरी तुला अभ्यासाला जागा आणि सलग वेळ खरोखर मिळतो का? लग्नसराईचे दिवस आहेत, पाहुण्यांची ये-जा असेल, आणि घरात मुलगी रिकामी बसलेली दिसली की तिला हाक मारली जाते, हे आपल्याकडे नवीन नाही. पुण्याला जाण्याच्या ओढीत या हाकांपासून दूर जाण्याची इच्छा मिसळलेली असेल तर ती अगदी रास्त आहे, पण त्यासाठी पुणेच लागते असे नाही. स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी चालणाऱ्या अभ्यासिका आता बहुतेक तालुक्यांच्या ठिकाणी आहेत आणि त्यांचे महिन्याचे शुल्क क्रॅश कोर्सच्या तुलनेत नगण्य असते. सकाळी आठ ते दुपारी दोन तिथे बस. या चार आठवड्यांत लग्नांना जाणार नाही आणि दुपारी चारपर्यंत कामाला हाक मारायची नाही, हे आईवडिलांशी आजच स्पष्ट बोलून घे. जे वडील तुझ्यासाठी कर्ज काढायला तयार आहेत ते एवढे नक्की मान्य करतील.

चाचण्यांसाठी एखादी ऑनलाइन चाचणीमालिका घे, पण ती मोबाइलवर देऊ नकोस. प्रत्यक्ष परीक्षा संगणकावर असते, आणि पडद्यावरचा प्रश्न वाचून कच्च्या कागदावर गणित करायचे, पुन्हा माउसने पर्याय निवडून उत्तर जतन करायचे, हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. गावातील एमएस-सीआयटीच्या केंद्रात तीन तास संगणक वापरायला मिळेल का, ते विचार. थोडे पैसे घेऊन बहुधा देतील. दर तिसऱ्या दिवशी एक पूर्ण चाचणी, दुसरा दिवस वहीसाठी आणि तिसरा दिवस वहीने दाखवलेल्या धड्यांसाठी, हा क्रम तुला पुरेल. प्रवेशपत्रावर तुझे सत्र सकाळचे की दुपारचे ते कळले की चाचण्याही त्याच वेळेला देऊ लाग. दुपारचे सत्र असेल तर जेवणानंतर येणारी सुस्ती आणि सोलापूरकडचे चाळीस अंशांच्या पुढचे ऊन यांचा सराव आधीच झालेला बरा.

लातूरच्या मैत्रिणींच्या पंधरा तासांचा विचार सोडून दे. दहा तासांपैकी सहा तास हातात पेन असेल तर ते पुरेसे आहेत, आणि झोप सहा तासांच्या खाली गेली की ५४ सेकंदांत वाचलेला प्रश्न डोक्यात शिरत नाही.

आता मामेभावाच्या सांगण्याविषयी. त्याच्या पहिल्या वाक्यात थोडे तथ्य आहे. पुण्याच्या सीओईपीत किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये संगणक शाखा हवी असेल तर खुल्या प्रवर्गात ९९ च्याही वर जावे लागते. पण शाखा, प्रवर्ग आणि प्रवेशफेरी बदलली की हा आकडा बदलतो, आणि सगळ्या सरकारी कॉलेजांना एकच ९५ ची रेघ लागू होत नाही. मागील वर्षांच्या फेरीनिहाय याद्या सीईटी कक्षाकडून प्रसिद्ध होतात. परीक्षा झाल्यावर त्या निवांत बघ, आता नको. आणखी एक लक्षात ठेव की पर्सेंटाइल म्हणजे तुझ्या सत्रातील किती टक्के परीक्षार्थी तुझ्या बरोबरीला किंवा मागे आहेत, ते. पेपर अवघड निघाला तर तो त्या सत्रातील सर्वांनाच अवघड असतो. म्हणून आदल्या सत्रांतून बाहेर पडलेल्या मुलांचे ‘सोपा होता, अवघड होता’ हे फोन त्या दिवसांत घेऊच नकोस.

त्याच्या दुसऱ्या वाक्याने मात्र तुमच्या घराला विनाकारण घाबरवले आहे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून राज्य सरकारने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ केले आहे. प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्याला, तसेच खासगी विद्यापीठांना व खासगी अभिमत विद्यापीठांना ही सवलत नाही. वसतिगृह आणि मेसचा खर्च उरतो, तो कमी नाही, पण खासगी कॉलेज म्हणजे दारच बंद अशी तुझी स्थिती नाही. क्रॅश कोर्ससाठी काढायचे कर्ज मुळात याच भीतीपोटी काढले जात असेल, तर ते पैसे वसतिगृहासाठी राखून ठेवणे शहाणपणाचे ठरेल.

ही सवलत आणि प्रवर्गाची जागा कागदपत्रांवर अवलंबून असते, आणि ते काम तुझे नाही, वडिलांचे आहे. अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र आणि चालू वर्षाचे नॉन-क्रीमीलेअर यांपैकी काय हातात आहे आणि काय नाही, ते त्यांनी या आठवड्यात सेतू केंद्रात जाऊन पाहावे. वैधता प्रमाणपत्राला सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून तिथून सुरुवात करावी.

हे सदर वाचणाऱ्या इतरांपैकी ज्यांना चाचण्यांत १४०-१५० गुण मिळतात त्यांनी अकरावीचे उरलेले धडे घ्यायला हरकत नाही. त्यांच्या सांडण्याच्या जागा बहुधा बुजलेल्या असतात. पीसीबी गटाच्या विद्यार्थ्यांना जीवशास्त्राचे १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, त्यामुळे वाचनाचा वेग आणि कोरे प्रश्न यांविषयी वर लिहिलेले त्यांनाही लागू आहे.

वडिलांनी पुण्याच्या क्लासला आगाऊ रक्कम भरली असेल, तर ती वाया जाऊ नये एवढ्यासाठी जाऊ नकोस. फक्त चाचणीमालिका घरून देता येईल का आणि उरलेले पैसे परत मिळतील का, हे क्लासला लेखी विचार. आणि नाहीच मिळाले, तरीही उद्या सकाळी आठला अभ्यासिकेत जा.